धडक बसली की रोबोट बंद पडतो : तारांचे जोड कसे करावेत?

प्रश्न (जळगाव): आमचा स्पर्धेचा रोबोट टेबलावर नीट चालतो, पण मैदानात धडक बसताच कंट्रोलर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बॅटरी पूर्ण चार्ज असते. स्क्रू टर्मिनलमध्ये तारांची टोके सोल्डर लावून घट्ट आवळली आहेत. चूक कोठे असावी?

उत्तर (धुळे): बहुधा त्या सोल्डरमध्येच. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली मऊ सोल्डर हळूहळू पसरतो आणि पकड सैल होते. शिवाय सोल्डर जेथे संपतो, तेथे तार ताठर होऊन कंपनाने तुटते. टोके कापून, उघड्या तारांवर योग्य मापाचे फेरूल (तारेच्या टोकावर चढवायची धातूची छोटी नळी) बसवा आणि ते क्रिंपिंगच्या, म्हणजे नळी तारेवर घट्ट दाबून बसवणाऱ्या खास पक्कडीनेच दाबा, साध्या पक्कडीने नव्हे. मग प्रत्येक जोड ओढून पाहा. सैल जोडाचा रोध केवळ 10 मिलिओहम असला, तरी 30 अँपिअरला तेथे 9 वॅट उष्णता निर्माण होते, आणि आपल्या खान्देशातल्या मे महिन्यात ती लवकर निवतही नाही.

उत्तर (भुसावळ): जोडाजवळ तार केबल टायने सांगाड्याला बांधा, पण टाय आणि जोड यांच्यामधली तार किंचित ढिली ठेवा, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही.

प्रश्नकर्ता: ओढून पाहिले. बॅटरीची ऋण तार सरळ हातात आली. मनःपूर्वक आभार, आज सर्व टोके नव्याने करतो.