आधी शेपूट बघा

खाडीवर घिरट्या घालणाऱ्या तपकिरी पक्ष्याचा फोटो इथे आलाय; त्याला कोणी घार म्हटलंय, कोणी ब्राह्मणी घारीचं पिल्लू. फोटोत शेपटीचं टोक गोलसर आहे, खाच अजिबात नाही. त्यामुळे माझं मत पिल्लाच्या बाजूने. ब्राह्मणी घारीचं पांढरं डोकं आणि विटकरी अंग मोठेपणी येतं; लहानपणी ती तपकिरीच असते आणि नवखे तिथेच फसतात. आपल्या नेहमीच्या घारीची शेपूट दुभंगलेली. मात्र वळताना तिने शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते, म्हणून एकाच फोटोवर निकाल देऊ नका. घार शेपूट सुकाणूसारखी सतत फिरवते, तेही बघा.

हिवाळ्यात आणखी एक पर्याय लक्षात ठेवा: दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी. तो पाणवनस्पतींवरून कमी उंचीवर उडतो आणि तरंगताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरतो.

शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) ओळखता येत नाही असं एका ताईंनी विचारलंय. तिथे खरा घोटाळा पावशाचा, जो कोकिळेच्या कुळातला, शिकारी पक्षी नाहीच! रंग, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. चोच बघा. शिक्र्याची आखूड, आकडेदार. पावशाची सरळसर, बारीक. पावसाच्या तोंडावर पावशाचं ‘पेरते व्हा’ ओरडणं ऐकू आलं तर प्रश्नच मिटला.

ताई, तुमच्या पक्ष्याचा चोचीचा फोटो असेल तर जरूर टाका.