आल्विन लुसिए: संगीतकार, की टेप लावून बसलेला माणूस?

खर्जातला

काल रात्री जेवणं आटोपल्यावर हेडफोन लावून ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ अख्खं ऐकलं. तब्बल ४५ मिनिटं. आता भांडायला आलोय.

ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: आल्विन लुसिए हे अमेरिकन संगीतकार, जन्म १९३१, २०२१ साली गेले. १९६९ साली त्यांनी खोलीत बसून चार-पाच वाक्यं टेपवर बोलली. मी एका खोलीत बसलोय, तुम्ही बसलाय त्या खोलीहून ही वेगळी, अशी सुरुवात. मग ती टेप त्याच खोलीत स्पीकरवर वाजवून दुसऱ्या यंत्रावर मुद्रित केली. त्या टेपवरून तिसरी, तिसरीवरून चौथी. मी ऐकलं ते १९८० सालचं मुद्रण, त्यात ३२ पिढ्या, म्हणजे एकीवरून एक घेतलेली मुद्रणं, आहेत. शब्द विरत जातात आणि शेवटी घंटा वाजून गेल्यावर उरतो तसा नुसता घुमारा राहतो.

प्रयोग झकास आहे. अकरावीच्या मुलांना जरूर दाखवा. पण यात संगीतकाराने केलं काय? सूर खोलीने निवडले, पट्टी खोलीने ठरवली. उद्या विहिरीत ओरडून मीही मैफलीची तिकिटं लावू का?

जवारी

लावा की, मी पहिल्या रांगेत बसेन.

पण शेवटचं वाक्य ऐकलंत का हो? त्यातच ते सांगतात की भौतिकातली गोष्ट सिद्ध करून दाखवण्यापेक्षा माझ्या बोलण्यातला खडबडीतपणा घासून काढणं हा हेतू जास्त आहे. लुसिए बोलताना अडखळायचे. ‘रिदम’ हा शब्द येतो तिथे ‘र’वर जीभ अडकते, ते टेपवर स्वच्छ ऐकू येतं. आणि रिदमचं ते वाक्य म्हणतं की बोलणं पार पुसलं जाईल, राहिलाच तर रिदम राहील! दहाव्या-बाराव्या पिढीला शब्द ओळखू येत नाहीत, पण कुठे थांबला, कुठे अडला ते कळतं. आपल्या अडखळण्याचीच लय करून टाकली त्या माणसाने. हे खोलीने ठरवलं म्हणता?

चक्रवाढ

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

साडेतीन मीटर रुंदीच्या खोलीत दोन भिंतींमध्ये सर्वांत खालचा जो सूर उभा राहतो तो साधारण ४९ हर्ट्झचा. लांबी-उंचीचे वेगळे, शिवाय त्यांच्या पटीतले. असे सूर खोली किंचित उचलून धरते. एखादा सूर शेजाऱ्यापेक्षा दर फेरीला फक्त १ डेसिबलने वर आला तरी ३२ फेऱ्यांत ३२ डेसिबल, म्हणजे कंपविस्तार सुमारे ४० पट. एका फेरीत कानाला फरक कळणारही नाही. पतपेढीचं व्याज असंच चढतं.

आता गंमत. प्रयोग म्हणून हे माझ्याकडे आलं असतं तर मी वही परत फेकली असती. खोलीबरोबर स्पीकरचा, माइकचा, टेपचा स्वभावही ३२ वेळा गुणला गेलाय. कोणाचा वाटा किती, सांगता येत नाही. तेव्हा खर्जातला, ही ब्याद आमच्या विभागात ढकलू नका, तुमच्याकडेच ठेवा.

खर्जातला

हा हा! बरं, हे सोडा. १९६५ चं ‘म्युझिक फॉर सोलो परफॉर्मर’ घ्या. डोक्याला इलेक्ट्रोड लावून माणूस डोळे मिटून खुर्चीत बसलाय. मेंदूतल्या अल्फा लहरी सेकंदाला दहाच्या आसपास, म्हणजे कानाला ऐकूच न येणाऱ्या. त्या वाढवून स्पीकरला दिल्या, स्पीकर ढोल-झांजांना टेकवून ठेवले, ते थरथरले. संपलं. याला रियाज काय लागतो? दुपारी जेवल्यावर आमचे आजोबा रोज हेच करायचे.

जवारी

आजोबांना झोप लागायची, इथे झोपून चालत नाही. डोळे उघडले किंवा मन कशात गुंतलं की अल्फा लहरी दबतात आणि ढोल गप्प. वाजवायचं मनात आणलं तरी वाजणं बंद पडू शकतं. हजार लोकांसमोर तसं बसून दाखवा, मग रियाजाचं बोलू.

खुंटी

दोघांनाही एक विचारतो. आपण तानपुऱ्याची जोडी लावतो तेव्हा काय ऐकतो? दोन तारांत १ हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो, म्हणजे आवाज एकदा चढतो-उतरतो, खुंटी पिळत तो लांबवत लांबवत नाहीसा करायचा. मिरजेत जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची झंकार, काढून घ्यायला बसलोय मी. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा दोनदा. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो आणि केसभर सरकल्यावर तार एकदम बोलायला लागते. सी. व्ही. रामन यांनाही १९२१ साली त्या घोडीवर लिहावंसं वाटलं. लुसिए यांच्या १९८२ च्या ‘क्रॉसिंग्ज’मध्ये यंत्राचा एक शुद्ध सूर खालून अगदी सावकाश चढत जातो, वाद्यं स्थिर सूर धरतात, आणि दोन्ही जवळ आले की हेच हेलकावे. मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

खर्जातला

खुंटी, मुद्दा तुम्हीच माझ्या हातात दिलात. तानपुरा जुळला की आपण गायला लागतो ना? तुमचे लुसिए जुळवूनच उठतात. ताट-पाट मांडलं, रांगोळी काढली, आणि जेवण नाही.

खुंटी

काही मैफलींत मला तेवढंच आवडलेलं आहे. गायकांची नावं घेत नाही.

चक्रवाढ

+१ 😄

खर्जातला

आज सुट्टी होती, म्हणून न्हाणीघरात करून पाहिलं. आधी फोनवर. तिसऱ्या पिढीलाच सगळं मेलं, कारण फोन त्या घुमाऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतो. मग भावाचा जुना रेकॉर्डर काढला. आवाज फुटू नये म्हणून दर वेळी पातळी जुळवत बसलो, तेव्हा कळलं की यंत्र लावून सोडून द्यायचं काम नाही हे. माइक वीतभर हलवला तर दुसराच सूर वर यायला लागला. एवढं मागे घेतो.

नवव्या पिढीला माझे शब्द गेले. पण पहिल्या मुद्रणात स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आली होती, तिचा लांबच लांब बासरीसारखा सूर झाला आणि तो काही केल्या जाईना. संगीत म्हणायला अजून तयार नाही मी. बाहेरून आई ओरडली, “अरे, गीझर बंद कर आधी, कसला आवाज करतोय बघ!”

जवारी

ऑडिओ चढवा. कुकरसकट.