अमेरिकेचा इतिहास सूत्रांनी कसा जोडायचा? सनावळी पाठ आहे, उत्तर जमत नाही

बाळीवेस
एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर घेतलाय, १७७६ ते १९४५. नवी पेठेतून आणलेली गाइडं सगळी प्रकरणवार आहेत: स्वातंत्र्ययुद्ध, संविधान, जॅक्सन, यादवी युद्ध, न्यू डील. प्रश्न मात्र आडवा येतो, उदा. ‘केंद्र व राज्ये यांच्या संबंधांची वाटचाल, १७८७ ते १८६५’. सूत्र धरून अभ्यास करा, असं सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय? सूत्रं किती घ्यायची, वहीत मांडणी कशी, आणि एकच घटना तीन ठिकाणी बसत असेल तर?

पार्कचौक
सूत्रं पाचच ठेवा. त्याहून जास्त केलीत की प्रत्येकात तीन-चार घटना उरतात आणि पुन्हा गाइडच तयार होतं. आणि सूत्र एका शब्दात लिहू नका. ‘संघराज्य’ लिहिलं की खाली नुसती यादी होते. प्रश्न लिहा, म्हणजे प्रत्येक घटनेला त्याचं उत्तर द्यावंच लागतं:

शेवटचा शब्द कोणाचा, केंद्राचा की राज्याचा?
नागरिक म्हणून कोणाला मोजायचं?
जमीन कोणाला मिळाली, कोणाची गेली?
श्रमाची किंमत कोण ठरवतं?
बाहेरच्या जगात किती गुंतायचं?

फुलस्केप कागद आडवा धरा, डावीकडे वर्षांचा अरुंद रकाना, उजवीकडे हे पाच. एका कागदावर साधारण पंचवीस वर्षं. रकान्यात घटनेचं नाव आणि एक वाक्य: त्या प्रश्नाचं उत्तर या घटनेनं बदललं की नाही, आणि कोणाच्या बाजूनं. हे वाक्य सुचत नसेल तर ती घटना त्या रकान्यातली नाही, खोडा.

तुमचाच प्रश्न पहिल्या रकान्यात घालून बघा. संविधानाआधीच्या सैल परिसंघाच्या काँग्रेसला (संसदेला) कर बसवायचा अधिकार नव्हता; १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेजच्या नेतृत्वाखाली बंड केलं तेव्हा तिच्या हाती ना पैसा होता ना फौज. मग १७८७ चं संविधान. १७९४ ला व्हिस्कीवरच्या करावरून पेनसिल्व्हेनियात उठाव झाला, तर वॉशिंग्टननं सुमारे १३,००० मिलिशिया (राज्यांतले नागरिक-सैनिक) उभी केली. सात-आठ वर्षांत उत्तर किती पालटलं, ते या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसतं.

पुढचा भाग खरा मार्कांचा. १७९८ ला केंद्र फेडरलिस्टांच्या, म्हणजे बळकट केंद्र हवं असणाऱ्या पक्षाच्या हातात, म्हणून जेफरसन आणि मॅडिसन केंटकी-व्हर्जिनियाच्या ठरावांतून राज्यांची बाजू मांडतात. तेच जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतात, संविधानात तशी स्पष्ट तरतूद नसताना. आता फेडरलिस्ट बाहेर, तर १८१४-१५ च्या हार्टफर्ड परिषदेत राज्यांच्या हक्कांची भाषा तेच बोलतात. १८३२ ला जकातीवरून साउथ कॅरोलिना केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवते. आणि १८५० ला तोच दक्षिण भाग पळालेले गुलाम पकडून आणायला केंद्राचे अधिकारी मागतो, तर उत्तरेतली राज्यं स्वतःचे कायदे करून त्यात खोडा घालतात. ज्याच्या हातात केंद्र नाही त्याला राज्यांचे हक्क आठवतात! ‘दक्षिणेची भूमिका राज्यांच्या हक्कांची होती’ एवढंच लिहिणाऱ्या उत्तरात १८५० चा कायदा बसतच नाही.

तीन ठिकाणी बसणारी घटना तिन्ही रकान्यांत लिहा, पण प्रत्येक ठिकाणी वाक्य वेगळं हवं, आणि तिच्याभोवती लाल चौकट करा. गाठी तिथेच असतात. १८७७ बघा. एप्रिलमध्ये केंद्राचं सैन्य दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभं राहायचं थांबलं, पुनर्रचना (यादवी युद्धानंतर दक्षिणेची नवी घडी बसवायचा काळ) संपली. जुलैत राष्ट्राध्यक्ष हेजच्या त्याच सरकारनं रेल्वे संपकऱ्यांवर सैन्य पाठवलं. कृष्णवर्णीयांच्या मतांसाठी फौज नाही, रेल्वेसाठी आहे. दोन प्रकरणांत विभागलेलं वाचलं की हे कधीच शेजारी येत नाही.

होटगीरोड
मांडणी चांगली आहे, पण एक धोका सांगतो. आधी सूत्रं आणि मग सनावळी असं केलं की उत्तरातली कारणं उलटीपालटी होतात. काही साखळ्या क्रमानंच पक्क्या हव्यात, त्यातली १८४६ ते १८६१ सगळ्यात महत्त्वाची:

१८४६, मेक्सिकोशी युद्ध सुरू. जिंकलेल्या प्रदेशात गुलामगिरी नको ही विल्मटची सूचना प्रतिनिधीगृहात मंजूर, सिनेटमध्ये अडते. १८४८, मोठा प्रदेश हाती. १८५०, तडजोड: कॅलिफोर्निया मुक्त राज्य, बदल्यात पळालेल्या गुलामांचा कडक कायदा. १८५४, कॅन्सस-नेब्रास्का कायदा १८२० ची ३६ अंश ३० मिनिटांची रेषा (तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको, अशी तडजोड) मोडतो. त्यातून रिपब्लिकन पक्ष जन्मतो. १८५७, सर्वोच्च न्यायालयाचा ड्रेड स्कॉट निकाल: अजून राज्य न झालेल्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला नाही, आणि कृष्णवर्णीय नागरिक होऊच शकत नाहीत. १८६०, लिंकन निवडून येतो, डिसेंबरात साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटते.

यातली एक कडी सुटली तर पुढची अधांतरी राहते. १८५४ न लिहिता १८५७ लिहिलं, तर लिंकनचा पक्ष आला कुठून?

नावांनीही घोटाळा होतो. जेफरसनचे ‘रिपब्लिकन’ आणि लिंकनचे रिपब्लिकन हे वेगळे पक्ष. १८६२ चा होमस्टेड कायदा जमिनीचा, १८९२ चा होमस्टेड संप पेनसिल्व्हेनियातल्या त्या नावाच्या गावातल्या पोलाद कारखान्यातला. पेपरात दोन्ही एकत्र झालेली दिसतात.

जुनीमिल
सोलापूरकरांना एक सूत्र आयतं हाताशी आहे: कापूस. १७९३ मध्ये व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. गुलामगिरी आपोआप मावळेल ही आशा तिथेच संपली. १७९० ला सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० ला चाळीस लाखांच्या घरात गेले. यादवी युद्धात दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला, मुंबईच्या कापसाचे भाव चढले आणि १८६५ ला युद्ध संपताच कोसळले. इथंपर्यंत जोड पक्की आहे. पण तिथून उडी मारून ‘म्हणून सोलापुरात गिरणी आली’ असं लिहू नका. आपली पहिली गिरणी १८७७ च्या सुमाराची. रेल्वे, भांडवल, हातमागांची आधीपासूनची बाजारपेठ अशी तिची कारणं वेगळी शोधावी लागतात. सूत्र सापडलं की माणूस सगळंच त्यात ओवायला लागतो.

नागरिकत्वाच्या रकान्यासाठीही इथलं एक टिपण ठेवा: महात्मा फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. परीक्षेत प्रस्तावनेत एक ओळ चालते, जास्त नको.

बाळीवेस
सगळ्यांचे आभार. १८६० ते ६५ चा कागद केला. होमस्टेड कायदा जमिनीच्या रकान्यात टाकला (१६० एकर, पाच वर्षं राहून कसायची), पण तो ऐन युद्धात, १८६२ मध्येच का, हे वाक्य जमेना.

पार्कचौक
पहिल्या रकान्यात बघा की. दक्षिणेचे सभासद काँग्रेस सोडून गेलेत. मुक्त जमिनीला आडवे येणारे तेच होते. १८६० ला असंच विधेयक मंजूर होऊनही राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनननं नकाराधिकार वापरला होता. वाट मोकळी झाल्यावर २० मे १८६२ ला होमस्टेड, १ जुलैला पॅसिफिक रेल्वे, २ जुलैला कृषी महाविद्यालयांसाठी जमिनी देणारा मॉरिल कायदा. वाक्य असं होईल: ‘राज्यं फुटल्यामुळे केंद्राला पश्चिमेची जमीन वाटता आली.’ लाल चौकट करा.

आणि ‘कोणाची गेली’ हा अर्धा भाग रिकामा सोडू नका. त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा लोकांचा उठाव झाला आणि २६ डिसेंबरला मँकाटोत ३८ जणांना फाशी दिली. मंजुरी लिंकनची, गुलाममुक्तीची घोषणा लागू व्हायच्या सहा दिवस आधी.

होटगीरोड
वीस मार्कांच्या उत्तरात सहा घटना पुरे. प्रत्येकीला तीन ओळी: काय झालं, उत्तर कसं बदललं, पुढच्या घटनेशी दुवा कोणता. १७८७-१८६५ साठी शेज, १७९८, १८१४-१५, १८३२, १८५० आणि युद्ध घ्या. १८१९ चा मॅकुलक खटला (राज्याला केंद्राच्या बँकेवर कर लावता येत नाही) वेळ उरला तरच.