मदत हवी आहे: वेबडॅव्हवर (सर्व्हरवरचं फोल्डर ड्राइव्हसारखं वापरायची सोय) पुट (फाइल वर चढवणं) अडवलंय, पण मूव्ह (नाव किंवा जागा बदलणं) करून पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) चालायलीय. सरांची ड्राइव्ह न मोडता कसं बंद करू?

नमस्कार मंडळी, लातूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, जोडीला दोन-चार क्लासेसचे सर्व्हर सांभाळतो. त्यातल्या एका क्लासचे सर लोक घरूनच पेपर, नोट्स टाकतात, कुणी उदगीरहून कुणी अहमदपूरहून. त्यांच्या लॅपटॉपवर झेड ड्राइव्ह दिसते ती म्हणजे सर्व्हरवरचं वेबडॅव्ह फोल्डर. सर्व्हर उबंटूवर, वेब सर्व्हर अपाचे, पीएचपी एफपीएमवर (पीएचपी चालवणारा वेगळा प्रोग्राम). लावलं माझ्या आधीच्या पोरानं, तो गेला पुण्याला, फोन उचलत नाही.

मालक म्हणले एकदा सगळं तपासून द्या. लेखी परवानगी घेतलीय, आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येतो.

ऑप्शन्स (सर्व्हर काय काय करू देतो ते विचारणं) मारलं तर डिलीट, कॉपी, मूव्ह, प्रॉपफाइंड (फाइलींची माहिती मागणं) सगळं हजर. मग एका सरांच्या लॉगिननं डॅव्हटेस्ट (वेबडॅव्हवर काय चढतं, काय चालतं ते तपासायचं टूल) चालवलं. पीएचपी फाइल पुट केली की ४०३ (मनाई), मला बरं वाटलं. पण मूव्हचा पर्याय लावून परत चालवलं तर साधी टीएक्सटी वर गेली, तिचं नाव बदलून पीएचपी झालं, अन् ब्राउझरमध्ये उघडली तर कोड दिसायच्या ऐवजी गुणाकाराचं उत्तर! पोटात गोळाच आला. बघितलं तर त्या पोरानं पीएचपी अडवायचा रीराइटचा नियम (अपाचेत विनंत्या वळवायची-अडवायची सोय) फक्त पुटसाठी लिहिलाय.

त्यात क्लीनअप (चाचणीच्या फाइली पुसायचा पर्याय) लावायचं विसरलो. सकाळी सातला सरांचा फोन, "अहो, झेडमध्ये डॅव्हटेस्ट नावाचं फोल्डर कुठून आलं, व्हायरस घुसला का?" कसंबसं समजावलं.

आता मूव्ह बंद केलं तर विंडोजमध्ये रीनेम होत नाही, नवीन फोल्डरचं नाव सुद्धा 'न्यू फोल्डर'च राहतं. अपाचेच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरच्या डिरेक्टरी ब्लॉकमध्ये सेटहँडलर नन (फाइल कुणाकडूनच चालवू नको) टाकून पाहिलं, काही फरक नाही. काय करावं?

प्रतिसाद १
भाऊ, मेथडच्या (पुट, मूव्ह अशा विनंत्यांच्या) मागं लागू नका, मूव्ह अडवलं तर उद्या कॉपी आहेच. सर्व्हरनं त्या फोल्डरातलं काहीच चालवू नये, मग नाव काही का असेना. तुमचं एफपीएम फाइल्समॅचमधून (फाइलच्या नावावरून लागणारा ब्लॉक) जोडलेलं असणार, आणि अपाचे आधी डिरेक्टरी वाचतो, त्याच्यानंतर फाइल्समॅच, म्हणून तुमची ओळ पुसली जायलीय. लोकेशन (वेब पत्त्यावरून लागणारा ब्लॉक) त्याच्याही नंतर लागतं. सेटहँडलर नन आणि फोर्सटाइप टेक्स्ट प्लेन (फाइल साधा मजकूर म्हणूनच दाखव) तिथं टाका, ते पण फक्त पीएचपी नावांपुरतं, नाहीतर पीडीएफ पण टेक्स्ट म्हणून उघडतील.
फोल्डर डॉक्युमेंटरूटच्या (वेबसाइटच्या मुख्य फोल्डरच्या) बाहेर न्या आणि अलियस (त्याला वेगळा वेब पत्ता) द्या, नाहीतर तीच फाइल दुसऱ्या पत्त्यावरून चालेल. अलाऊओव्हरराइड पण नन करा, नाहीतर कुणी एचटीअ‍ॅक्सेसच (फोल्डरातूनच अपाचेची सेटिंग बदलणारी फाइल) वर टाकून सगळं उलटं करील.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. पण लॉगिन बेसिक (साधं नाव-पासवर्ड पाठवणारं) आहे का, आणि एचटीटीपीवर? विंडोज आपणहून तसं जोडत नाही, म्हणजे कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बेसिकऑथलेव्हल २ केलेलं असणार. पासवर्ड उघडाच जातो मग, तो बेस६४मध्ये (सहज उलटवता येणाऱ्या लिपीत) जातो, पण ते काही कुलूप नव्हे. एचटीटीपीएस करा, ते परत १ करा. आणि हे कायमचं ठेवू नका, मायक्रोसॉफ्टनं विंडोजची वेबक्लायंट सर्व्हिस (जिच्यावर ही झेड ड्राइव्ह चालते) २०२३ मध्येच डेप्रिकेटेड (पुढं न वाढवायची, कधीतरी काढायची) करून टाकलीय.

धागाकर्ता
झालं भाऊ! लोकेशननंच काम केलं, आता तीच फाइल उघडली की नुसता कोड दिसतो आणि रीनेम पण चालू आहे. रजिस्ट्रीत खरंच २ होतं, पाचही लॅपटॉपवर. चार दुरुस्त केले. अहमदपूरच्या सरांचा राहिला, ते म्हणायलेत पेपर सेट होईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका. तोवर त्यांचं लॉगिन बंद ठेवलंय, पेपर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो.