इंग्रजी व्याकरण आणि वाचन: तुम्हाला काय उपयोगी पडलं?

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं. 'भरपूर वाचा' एवढंच नको. काय वाचलं, कसं वाचलं, व्याकरणाची कुठली गाठ कशामुळे सुटली, ते सांगा.

*

मी मोठ्या माणसांना शिकवते. आर्टिकलचे नियम त्यांना तोंडपाठ असतात, पण लिहायला बसले की 'अ' आणि 'द' गळतात. मराठीत आर्टिकल नाही म्हणून असं होतं, हे खरंच. तरी त्यामागची जाणीव आपल्याकडे आहे. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या वाक्यातला 'एक' आणि दुसऱ्यातला 'त्या' जे काम करतात, तेच 'अ' आणि 'द' करतात: ऐकणाऱ्याला राजा आधी अनोळखी, मग ओळखीचा. एवढं लक्षात आलं की मी नियमांचं पान बाजूला ठेवते आणि एखाद्या गोष्टीचा परिच्छेद देते. प्रत्येक 'द'पाशी थांबून एकच प्रश्न: ही वस्तू कुठली, हे वाचणाऱ्याला इथपर्यंत कळलंय का? कळलं असेल तर कशावरून? वर्गात यावर वादही होतात, आणि मला ते फार आवडतात.

*

वरचं पटलं. फक्त 'द सन', 'इन द मॉर्निंग' यांसारख्या ठिकाणी आधी उल्लेख नसतानाही 'द' येतो. ते वेगळं सांगावं लागतं, नाहीतर मुलं गोंधळतात.

*

लहान मुलांना वाचायला शिकवते. देवनागरी येणाऱ्या मुलाची अपेक्षा असते की लिहिलंय तसं वाचायचं. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, त्यामुळे ती अपेक्षा लगेच मोडते. मी एबीसीडीच्या क्रमाने जात नाही. एस, ए, टी, पी, आय, एन यांचे ध्वनी आधी घेते. तेवढ्यावर 'सॅट', 'पिन', 'टिप', 'नॅप' असे कितीतरी शब्द मूल स्वतः जुळवून वाचतं, आणि त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. 'सेड', 'वॉज' असे शब्द मात्र बघूनच ओळखीचे करावे लागतात.

थोड्या मोठ्या मुलांना 'नाइट'मधला 'जीएच' कशाला, असा प्रश्न पडतो. तो एके काळी उच्चारला जायचा, हे मी सांगतेच. कॅक्स्टन या मुद्रकाने 1476मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, पुढे स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं, उच्चार मात्र बदलत राहिले. कारण कळलं की मुलांची चिडचिड कमी होते.

*

काळांबद्दल थोडंसं. 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत सहज चालतं, म्हणून 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' लिहिलं जातं. 'काल', 'गेल्या वर्षी' असा संपलेला वेळ वाक्यात आला की 'हॅव' काढायचा आणि 'आय सॉ' लिहायचं. ही एक खूण वर्गाला पुरते.

*

मी शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. मला शब्दांपेक्षा लांब वाक्यं अडवायची. आपण 'शेजारी राहणारा माणूस' म्हणतो, वर्णन आधी. इंग्रजीत 'द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर', वर्णन मागून. शिवाय 'द बुक यू गेव्ह मी वॉज टोर्न' अशा वाक्यात 'दॅट' गाळलेला असतो आणि 'गेव्ह' हेच मुख्य क्रियापद वाटतं. एका शिक्षकांनी पेन्सिल हातात देऊन कर्ता आणि त्याचं खरं क्रियापद तेवढं अधोरेखित करायला लावलं: बुक, वॉज टोर्न. मधलं सगळं कंसात. त्या सवयीनंतर वर्तमानपत्रातले अग्रलेखही उलगडू लागले.

पुस्तक निवडताना हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासातला आकडा धरा: मदतीशिवाय समजून वाचायला सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे 50 शब्दांत एखादाच अनोळखी. शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार सोपी केलेली पुस्तकं मिळतात, ती मोठ्यांनीही बिनदिक्कत वाचावीत. मी तीच वाचत वर आलो.

*

हे कंसाचं उद्याच वर्गात करून बघते. फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारे प्रयोग, कुणी कसे शिकवता? 'गिव्ह अप', 'पुट ऑफ' यांच्या याद्या पाठ करून घेणं मला पटत नाही. परिच्छेदातूनच शिकवणारं कुणी असेल तर सविस्तर लिहा.