बाप्तिस्म्यासाठी आजी-आजोबा आठ दिवस येत आहेत. त्यांना घेऊन कुठे आणि केव्हा जावे?

वसईची सून:
सर्वांना नमस्कार. जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या रविवारी, आमच्या चार महिन्यांच्या मुलीचा स्नानसंस्कार वसईतील आमच्या चर्चमध्ये होणार आहे. त्यासाठी माझे आईवडील श्रीरामपूर तालुक्यातील गावाहून आदल्या मंगळवारी येतील आणि पुढच्या बुधवारी परत जातील. आप्पांचे वय 73 असून त्यांचे गुडघे फार दुखतात, आईला मधुमेह आहे, आणि दोघांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. ऊस, कालवा आणि दरवर्षीची हरेगावची यात्रा यांपलीकडे त्यांचे फारसे जाणे झाले नाही, म्हणून या वेळी त्यांना चार ठिकाणी नेऊन आणावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझ्या यजमानांनी प्रेमाने एक यादी केली आहे: शनिवारी गाडी ठरवून गेटवे, राणीची बाग, हाजी अलीचा रस्ता आणि येताना जुहू. यादी पाहून मला धास्ती वाटते, कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) आणि बाप्तिस्मा आहे. फिरणे बाप्तिस्म्याच्या आधी ठेवावे की नंतर, बाळाला किती वेळ बाहेर ठेवता येईल, आणि सासू-सासऱ्यांनाही बरोबर घ्यावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पापडीकर:
ताई, तुमचे आईवडील वसईला येत आहेत, तर आधी त्यांना वसई दाखवा. मंगळवारचा प्रवास झाल्यावर बुधवार पूर्ण विश्रांतीचा ठेवा आणि गुरुवारी संध्याकाळी सुरुची बागेच्या किनाऱ्यावर जा. मात्र भरतीची वेळ पाहिल्याशिवाय निघू नका. ओहोटीला आपल्याकडे पाणी इतके आत जाते की समोर नुसता ओला चिखल दिसतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसाला तो दाखवणे बरे नाही. भरती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे त्या आठवड्यात ती दुपारनंतर कोणत्या दिवशी येते हे आधी बघून ठेवावे. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता पोहोचलात तर ऊनही लागत नाही. गुडघे दुखणाऱ्याला मऊ वाळूत चालणे जड जाते, म्हणून घरून एक घडीची खुर्ची न्या आणि सुरूच्या झाडांच्या कडेला मांडा.

किल्ल्यासाठी दुसरा दिवस ठेवावा. रिक्षा थेट आतपर्यंत जाते, कारण किल्लाबंदरकडे जाणारा रस्ता किल्ल्यातूनच आहे. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे, त्यावर कोणीही चढू नये. फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न वास्तूत मात्र आप्पांना अवश्य न्या. तेथील जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. फरशी उंचसखल असल्याने त्यांचा हात धरावा. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी हा किल्ला जिंकला हे त्यांना शाळेपासून ठाऊक असेल, पण संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले, 1597 मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये संतपदाला पोहोचले, हे त्या जागी उभे राहून सांगण्यात निराळीच गोष्ट आहे. नातीचा बाप्तिस्मा ज्या भूमीत होणार आहे, ती कोणाची भूमी आहे हे आजोबांना तेथे कळते.

अर्नाळा किल्ल्याचा विचार सोडून द्या, कारण होडीत चढता-उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो. पाण्यावरचा प्रवास घडवायचाच असेल तर वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला जाणारी रो-रो बोट आहे, ती फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. गाडीसकट बोटीवर जाता येते, त्यामुळे आप्पांना चढ-उतार करावा लागणार नाही. तिच्या वेळाही भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, तेवढी चौकशी आधी करावी.

श्रीरामपूरची लेक, मुक्काम मीरा रोड:
तुमच्या यजमानांची ती शनिवारची यादी कृपया मोडून टाका. मी हे कळकळीने लिहीत आहे, कारण माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आम्ही नेमके हेच केले होते. आईवडील शुक्रवारी रात्री आले आणि शनिवारी आम्ही त्यांना दिवसभर मुंबई दाखवली. मे महिना होता आणि येताना गाडी तीन तास वाहतुकीत अडकली. रविवारी सकाळी आईला ताप भरला. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसून राहिली. फादरांनी मुलाच्या डोक्यावर पाणी ओतले, धर्मपित्याने मेणबत्ती पेटवली, आणि जिने रात्री जागून ते पांढरे अंगडे शिवले होते तिला पुढे येऊन बाळाला हातात घेता आले नाही. वेदीसमोरच्या एकाही छायाचित्रात माझी आई नाही. आज अकरा वर्षे झाली तरी तो अल्बम उघडताना माझा हात थांबतो.

बाप्तिस्मा झाल्यानंतर, सोमवारी किंवा मंगळवारी, त्यांना वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला न्या. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला आयुष्यभर जाणाऱ्या माणसांना हे नाव ऐकूनच आपले वाटेल. ‘मोत’ हा शब्द डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे म्हणतात, आणि दोन्हीकडे सप्टेंबरमध्येच, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास जत्रा भरते. जानेवारीत वांद्र्याला ती गर्दी नसते आणि गाडी बॅसिलिकेच्या दारापर्यंत जाते. बाहेर मेणाचे हात, पाय, घरे विकायला असतात. माझ्या वडिलांनी तेथे मेणाचा पाय घेतला, आपल्या उजव्या गुडघ्याला एकदा लावला आणि मग माउलीपुढे नेऊन ठेवला. गेटवेपुढे काढलेल्या छायाचित्रांची त्यांना नंतर आठवणही राहिली नाही, पण त्या पायाविषयी ते गावातल्या प्रत्येकाला सांगत असत. लोकलने जाणार असाल तर सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकरानंतर निघावे आणि चारच्या आत परतावे.

दोन नातवंडांची आजी:
मी स्वतः आजी म्हणून लिहिते. आम्ही येतो ते बाळासाठी. सकाळी त्याला तेल लावावे, न्हाऊ घालावे, दुपारी मांडीवर झोपवावे, एवढे झाले की आमचा निम्मा दिवस भरतो. म्हणून दिवसातून एकच बाहेर जाणे ठेवा, तेही दोन-अडीच तासांचे. चार महिन्यांच्या बाळालाही तेवढेच झेपते. साडेतीन महिन्यांची लस लांबली असेल तर ती त्या आठवड्यात घेऊ नका, कारण लशीनंतर एखादा दिवस ताप येऊ शकतो. समुद्रावर बाळाच्या कानांना वारा लागणार नाही असे टोपरे घाला.

एक गोष्ट नाजूक आहे, तरी लिहिते. बाळ घरी ठेवून जायचे असेल तेव्हा ते सांभाळायला दर वेळी तुमच्या सासूबाईंनाच मागे ठेवू नका. नात त्यांचीही आहे. एक फेरी चौघांची मिळून असू द्या, म्हणजे व्याही-विहिणींना एकमेकांशी बोलायला मिळेल. एरवी ते लग्नात आणि बारशातच भेटतात. शुक्रवारी चर्च रिकामे असताना दोघांना तेथे नेऊन बाप्तिस्म्याचे कुंड दाखवा, कोण कुठे उभे राहणार ते सांगा आणि पहिल्या बाकावरची त्यांची जागा तेव्हाच दाखवून ठेवा. गावाकडून आलेली माणसे अनोळखी चर्चमध्ये संकोचाने मागे बसतात. आणि आगाशीकडे गेलात तर सुकेळी (सुकवलेली गोड केळी) घ्याल, ती आईच्या हाती फार लागू देऊ नका.

वसईची सून:
तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मीरा रोडच्या ताईंचा मजकूर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला आणि शनिवारची गाडी त्यांनी लगेच रद्द केली. आता गुरुवारी समुद्र, शुक्रवारी चौघांसह आधी चर्च आणि मग किल्ल्यातला तासभर असे ठरले आहे. रो-रो बोट आणि मोत माउली ही दोन्ही ठिकाणे बाप्तिस्म्यानंतरच्या सोमवार-मंगळवारात बसवली आहेत, आणि मोत माउलीला माझे आईवडील, मी आणि बाळ एवढेच जाऊ. लस मागच्याच आठवड्यात झाली आहे. आप्पांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते किल्ल्याविषयी काही बोलले नाहीत; समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा मागे जाते म्हणजे नेमके कुठे जाते, एवढेच त्यांनी दोन वेळा विचारले. भरतीच्या वेळा मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या आहेत, आणि शनिवारच्या चौकटीत फक्त आईने पाठवलेल्या अंगड्याला इस्त्री करणे एवढेच काम लिहिले आहे.