आठवीच्या मुलांना पाठांतराविना निबंध लिहायला कसे शिकवावे?

शाईपेन:
नमस्कार. मी आठवीच्या पंचावन्न मुलांना मराठी शिकवते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला की बहुतेक वह्यांमध्ये गाइडमधील एकच निबंध उतरलेला दिसतो. हीच मुले मधल्या सुट्टीत शेतात पाणी शिरल्याची हकीकत रंगवून सांगतात, परंतु ती लिहायला सांगितली की दोन-तीन ओळींत त्यांचा हात थांबतो. वर्गात नेमके काय करावे? प्रत्येक वही बारकाईने तपासणे मला शक्य होत नाही.

रानवाट:
मॅडम, विषय इतका अरुंद करा की त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये सापडू नये. ‘पाणी शिरले तेव्हा घरातील कोणती वस्तू सर्वांत आधी उचलली आणि का?’ एवढेच विचारा. मुलांच्या जोड्या करून एकाने सांगावे, दुसऱ्याने न समजलेल्या गोष्टी विचाराव्यात आणि मग सांगणाऱ्याने त्या प्रश्नांच्या उत्तरांसह लिहावे. पहिला खर्डा घरच्या बोलीत, अहिराणीत किंवा वऱ्हाडीत आला तरी येऊ द्यावा, कारण विचार मांडणे आणि प्रमाणभाषा सांभाळणे ही दोन्ही ओझी एकदम दिली की मूल आठवणीतल्या तयार वाक्यांचा आधार घेते.

शिक्षकानेही मुलांसमोर लिहावे, असे मला मनापासून वाटते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. आपण निदान फळ्यावर एक परिच्छेद लिहावा, त्यातील एखादे वाक्य खोडावे आणि ते का खोडले हे मोठ्याने सांगावे. छापील पाठात मुलांना खाडाखोड कधी दिसतच नाही.

पाटीपुस्तक:
रानवाट यांच्याशी सहमत आहे, मात्र वाक्यरचनेचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेतला. लेखनाचे नियोजन आणि पुनर्लेखन करण्याच्या रीती स्पष्टपणे शिकवल्याचा मोठा लाभ त्यात दिसला. वाक्ये जोडण्याचा सरावही उपयोगी ठरला, पण सुटे व्याकरण शिकवून लेखन सुधारल्याचे आढळले नाही.

मराठीत हा सराव फार चांगला होतो, कारण आपल्याकडे धातुसाधितांची, म्हणजे ‘बसलेली’, ‘ठेवून’ अशा क्रियापदांपासून बनलेल्या शब्दांची, सोय आहे. ‘आजी अंगणात बसली होती. ती शेंगा फोडत होती. तिचे लक्ष रस्त्याकडे होते.’ ही तीन वाक्ये द्या. कोणी ‘अंगणात शेंगा फोडत बसलेल्या आजीचे लक्ष रस्त्याकडे होते’ असे लिहील, तर कोणी ‘रस्त्याकडे लक्ष ठेवून आजी अंगणात शेंगा फोडत होती’ असे. दोन्ही फळ्यावर लिहून आजी कोणाची तरी वाट पाहत आहे हे कोणत्या वाक्यात अधिक जाणवते, यावर बोलावे. खरे व्याकरण तिथेच शिकवले जाते.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट पाहावी: या आठवड्यात फक्त परिच्छेद, पुढच्या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ. लाल शाईने भरलेली वही मूल वाचत नाही, गुण पाहून मिटते.

कोरापान:
एक वेगळे मत नोंदवतो. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र, बातमी, जाहिरात, सारांश यांना ठरलेला आराखडा असतो आणि तो शिकवलाच पाहिजे. चांगले नमुने वाचायला देण्यातही गैर काही नाही. फक्त नमुना वाचून झाल्यावर तो मिटून ठेवावा आणि पत्राचा विषय गावातला द्यावा, उदाहरणार्थ शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक हवा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज. शक्य असल्यास तो अर्ज खरोखरच पाठवावा.

शाईपेन:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाक्यजोडणी आणि गतिरोधकाचा अर्ज यांपासून सुरुवात करते. पहिल्या खर्ड्याला गुण द्यावेत का?

पाटीपुस्तक:
देऊ नयेत. खर्ड्यावर फक्त एक प्रश्न लिहावा आणि गुण दुसऱ्या लेखनाला द्यावेत. मात्र दोन्ही कागद एकत्र जोडून घ्यावेत, म्हणजे मुलाने काय बदलले ते तुम्हाला आणि त्यालाही दिसेल.